काकांची फटफटी आणि मी दहाव्याला दिलेला शब्द

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. जयगडच्या पोर्टवर इलेक्ट्रिशियन आहे, सोळा वर्षं झाली. टेस्टर लावला की करंट आहे की नाही ते कळतं, आणि ज्याला टेस्टर लागत नाही ते माझ्या लेखी नाहीच. गावात कुणी राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, गोष्टी काढल्या की मी म्हणायचो, "त्याला म्हणावं, आमच्या ट्रान्सफॉर्मरवर येऊन बस एकदा." आता नाही म्हणत. हे लिहितोय ते तुम्हाला घाबरवायला नाही... मला कुठेतरी कबूल करायचंय, आणि ओळखीच्या माणसांसमोर ते तोंडातून निघत नाही.

आमचं घर जयगड रस्त्याला, चाफे गावाच्या अलीकडच्या वाडीत. आई-वडील मुंबईला. मी लहानपणापासून काका-काकीकडेच वाढलो. त्यांना मूलबाळ नाही. काकांची एक टू-स्ट्रोक फटफटी होती, मी पहिलीत असताना घेतलेली. काकीला एसटी लागते, रिक्षात तर पाच मिनिटांत ओकते. त्यामुळे बाजार, लग्नं, दवाखाना — सगळं त्या गाडीवरून. काका पुढे, काकी मागे एका बाजूला पाय सोडून. मागच्या चाकाला साडीगार्ड होता, साडी आणि पाय स्पोकमध्ये जाऊ नयेत म्हणून लावतात ती लोखंडी जाळी.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. दहाव्याला आम्ही पुरुषमंडळी खाडीकाठी. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. चार कावळे समोर फांदीवर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. "काकीला अंतर देणार नाही", "आंब्याच्या कलमांची काळजी घेऊ"... छे. ऊन डोक्यावर आलं. मला दोनची शिफ्ट होती. शेवटी वाडीतले एक म्हातारे म्हणाले, "विनू, गाडीचं बोल. त्यांचा जीव गाडीत."

मी हात जोडले. खरं सांगतो, मनात फक्त घड्याळ होतं. म्हटलं, "काका, गाडी आहे तशी ठेवीन. काकीला तिच्यावरूनच नेईन-आणीन."

कावळा उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं आणि आम्ही घरी जेवायला आलो. आमच्याकडे बायका दहाव्याला जात नाहीत, त्यामुळे मी काय बोललो ते काकीला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी डोक्यात खूळ शिरलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून. जुनी गाडी घ्यायची, मागचा भाग कापून टाकायचा, एकच बुटकी सीट, जाड टायर — बॉबर म्हणतात त्याला. पडवीत गाडी खोलली. इंजिन उघडून रिंगा बदलल्या, वायरिंग सगळं नवीन ओढलं, कार्ब्युरेटर धुतला. ते काम चांगलंच केलं मी. पण मग ग्राइंडर घेतला आणि मागच्या सीटखालची फ्रेम कापली. ठिणग्या उडत होत्या आणि मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? मोठी सीट आणि साडीगार्ड भंगारवाल्याला देऊन टाकले. मागे नुसत्या दोन सळ्या राहिल्या.

काकी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसलेली. मला ती बाबूच म्हणते. म्हणाली, "बाबू, काय चाललंय रे गाडीचं?"

"दुरुस्त करतोय."

"बरं झालं हो. मला आता रस्त्यापर्यंत चालवत नाही. ह्यांची गाडी चालू झाली म्हणजे माझी सोय होईल."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाना शोधत असल्यासारखं केलं.

पेट्रोलची टाकी रंगवायला लांज्याला दिली होती. एका रविवारी सकाळी फोन आला की तयार आहे. मी निघत होतो तर काकी पायरीवर बसलेली, चेहरा घामेजलेला. म्हणाली, "छातीत दडपल्यासारखं होतंय रे. जरा दवाखान्यात सोडतोस?"

"कशावरून सोडू? गाडी उघडी पडलीय. रिक्षा बोलावू?"

"रिक्षा नको रे बाबा, आणखी ओकत बसायचं..."

"मग गॅस असेल. ओवा चाव आणि पड जरा. मी दुपारपर्यंत येतोच."

आणि मी गेलो. टाकी आणायला. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय.

परतीच्या एसटीत टाकी जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेली. पाली सोडलं आणि फोन वाजला. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रातली सिस्टर. एकदम अंगावरच आली.

"पेशंटला असं पायरीवर बसवून पळून जातात का हो? केसपेपर कोण काढणार?"

"कोण पेशंट?"

"तुमची काकी! त्यांच्या पिशवीत चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे. आत्ता मोटरसायकलवरून सोडलंत ना? मी आवाज ऐकला, बाहेर येईपर्यंत तुम्ही गायब."

"सिस्टर, मी एसटीत आहे... लांज्याहून येतोय."

"मग ती फटफट कोणाची होती?"

मी मांडीवरच्या टाकीकडे बघत राहिलो. गाडी पडवीत विटांवर चढवलेली, आणि तिची टाकी माझ्या हातात. ती चालू होणंच शक्य नव्हतं. सिस्टर पुढे बोलतच होती — अटॅक आहे, गोळी दिलीय, अँब्युलन्सने रत्नागिरीला हलवतोय, तुम्ही सरळ तिकडेच या.

रत्नागिरीत डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." मी कुठे आणलं होतं?

संध्याकाळी आत सोडलं. काकीच्या डाव्या पायाला घोट्यापासून बँडेज. मी विचारलं, "काकी, कुणी आणलं तुला?"

"कोण म्हणजे? ह्यांनी आणलंनी." रोजचंच असल्यासारखं बोलली.

"अगं काकी..."

"मागे बसायला काय नव्हतं रे. सळीवर बसले. जाळी पण नाय, पाय गेला माझा चाकात. मी ओरडले तर हे म्हणाले, घट्ट धर, पोराचं काम अर्धवट राहिलंय."

मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि भिंतीला टेकून रडलो. मोठ्या माणसाने रडावं तसं नाही, लहानपणी रडायचो तसं.

दुसऱ्या दिवशी घरी जाऊन गाडी बघितली. विटांवर होती तशीच. टायरला माती नाही, घरापुढच्या खळ्यात चाकाची खूण नाही, इंजिन थंडगार. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा थेंब नव्हता. पण मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये हिरव्या साडीची वीतभर चिंधी पिळून बसलेली. काकीची तीच साडी दवाखान्याच्या पिशवीत होती, काठ फाटलेला, ग्रीस लागलेलं.

पोर्टवरच्या एका मित्राला एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "पडवीतून येताना पाय अडकला असेल, आणि कुणीतरी रस्त्यावरच्या मोटरसायकलवाल्याने नेलं असेल. गोळ्यांच्या गुंगीत म्हातारं माणूस काहीही बोलतं." असेल. मीही पहिले चार दिवस हेच घोकत होतो. मग रस्त्यावरच्या घराघरांत विचारून आलो. आवाज तिघांनी ऐकला. गाडी कुणीच बघितली नाही.

आता मी मागची फ्रेम परत वेल्ड करून घेतलीय. लांब सीट बसवली, साडीगार्डही लावला. काकी बरी आहे, पाय थोडा ओढते. महिन्याच्या तपासणीला मी तिला त्याच गाडीवरून नेतो. कोण आलं होतं, कसं आलं होतं, ते विचारणं मी सोडलंय. पण काकांना खरं माहीतच नव्हतं, की माहीत असूनही काकीसमोर त्यांनी मला पाठीशी घातलं? रात्रंदिवस डोकं खातं ते हेच.

परवा मुंबईची पाहुणेमंडळी आली होती. काकी सगळ्यांना सांगत होती, "माझा बाबू म्हणून वाचले हो मी. ह्यांची गाडी खास माझ्यासाठी दुरुस्त करीत होता, बिचाऱ्याची सीट तेवढी लावायची राहिली होती." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मी म्हटलं, "चहा घ्या ना, गार होतोय."