पोर्ट ऑफ स्पेनची तालीम

प्रवासाच्या तयारीत सगळा जन्म घालवून कुठेच न गेलेला माणूस अख्ख्या दिल्लीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतो. नात्याने मेहुणा, पण मानलेला. आमच्या हिचे सख्खे भाऊ साताऱ्याला, म्हणून ती दर भाऊबीजेला यालाच ओवाळायची. तेव्हापासून हा मला 'दाजी' म्हणतो आणि आमचा चहा हक्काने पितो.

मी फौजेतला ड्रायव्हर, सातवी शिकलेलो. एके दिवशी हा मला म्हणाला, "दाजी, आपण दोन जोडपी चार दिवस पोर्ट ऑफ स्पेनला जाऊ." ते नाव मला रेडिओवरच्या क्रिकेटमुळे माहीत. कुठल्या कुठे समुद्रातल्या बेटावरचं शहर! म्हटलं, "हिला समुद्रच बघायचाय ना? मग रत्नागिरी काय वाईट?"

"बिल्कुल वाईट! तिथे ताईची मावशी आहे. मावशीकडे उतरणार, मावशीच्या नणंदेकडे जेवणार, आणि समुद्र राहणार तसाच. जोडप्यानं फिरावं ते जिथे एकही नातेवाईक नाही तिथे."

ही पदर तोंडाला लावून हसली. खोटं नव्हतं. लग्नानंतर जिथे म्हणून गेलो, तिथे तिने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोळ्याच लाटल्या होत्या.

मग तालीम सुरू झाली. करोल बागेतून दोघी बायकांना उन्हाच्या टोप्या आणल्या. भरलेल्या बॅगा घेऊन आम्हाला हिंदूराव इस्पितळाच्या चढावर चालवलं. सवय व्हावी म्हणून आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ तिकडच्या वेळेवर लावलं. दिवेलागणीला हा जिना उतरून ओरडायचा, "गुड मॉर्निंग, ताई!" की ही उठून त्याला नाश्त्याचे पोहे करायची. माझी भाकरी मागे. आणि जाणं दर वर्षी पुढे. कधी तिकडे वादळाचा मोसम, कधी याच्या बायकोला बूट चावतात, तर कधी "ताईची चाल अजून कमी पडते, दाजी." कमी पडत होती ती छातीच्या दुखण्याने. डॉक्टरने सांगितलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

ती पहाटे गेली. माणसं जमली. हा आला, आत जाऊन घड्याळाकडे बघत उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "दाजी, तिकडे अजून कालचीच संध्याकाळ आहे." मी त्याला दारातून ढकललं. "तुझ्या तालमीत बायको संपली माझी. नीघ इथून!"

त्यानंतर संध्याकाळचं ते ओरडणं बंद झालं. वरून नुसती पावलं ऐकू यायची. यंदा भाऊबीजेला बेल वाजली. दारात हा, इस्त्रीचा सदरा घालून, कोऱ्या कपाळाने. ओवाळणार कोण? मी पोहे केले, ते खाली लागले. त्याने सगळे खाल्ले. मग आत बघत म्हणाला, "घड्याळ बंद पडलंय."

"पडू दे."

तो वर गेला, सेल घेऊन आला आणि स्टुलावर चढला. बराच वेळ काटा धरून उभाच. "दाजी, कुठली वेळ लावू?"

"तिकडचीच लाव," मी म्हटलं. "इथली घेऊन मी काय करू?"