पोट थंडावलं तेव्हा

आईचं लुगडं छातीपर्यंत वर सारलं होतं आणि खाटेशेजारी अकरा जणांची रांग लागली होती. डॉक्टर होऊ घातलेली पोरंपोरी. पांढरे कोट, गळ्यात नळ्या. एकेकानं पुढे यायचं, आईच्या पोटावर बोटं ठेवायची, हळूहळू दाबायचं आणि एकदम हात उचलायचा. हात उचलला की आई किंचाळायची. ती किंचाळली की मोठे साहेब म्हणायचे, "कळलं? नेक्स्ट."

मी मोजत होते. दुसरं काय करणार?

पाचव्याच्या वेळी आईनं पदर तोंडावर ओढला. लाज वाटली की माणूस उघडं अंग झाकतं. आईला अंग झाकायची परवानगी नव्हती, म्हणून तिनं तोंड झाकलं.

मी म्हटलं, "साहेब, बास करा ना. तिला लय दुखतंय."

"दुखतंय म्हणूनच दाबतोय. तू बाहेर हो." मग पोरांकडे वळून म्हणाले, "हे जंगलातले लोक. आधी भगत करतील, पोटावर डाग देतील, आणि सगळं सडलं की आपल्याकडे आणतील."

पोरं हसली. एक मुलगी तेवढी नाही हसली. आईच्या पोटावर एकही डाग नव्हता. अकरा जण ते पोट जवळून बघत होते, तरी पोरं हसली.

मी बाहेर झाले. इतकी वर्षं झाली, पण राग येतो तो आधी माझा येतो, त्यांचा नंतर. बाहेर हो म्हटलं आणि मी मुकाट बाहेर झाले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमची वाडी डोळखांबच्या वरच्या अंगाला, गावाच्या शिवेबाहेर. जमीन दुसऱ्यांची, भात दुसऱ्यांचं, लावणी-कापणी आमची. पाऊस सरला की अर्धी वाडी वीटभट्टीवर. त्या वर्षी बाप आणि भाऊ भट्टीवर गेले होते. घरात आई आणि मी. मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली, म्हणजे वाडीत पंडितच.

आईच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. बेंबी सरकली म्हणून शेजारच्या काकीनं तेल लावून पोट चोळलं. हो, चोळलं. लपवत नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली उतरलं, आई कमरेत वाकली, तेव्हा आम्ही बांबूला झोळी बांधली आणि तिला सडकेवर आणलं. तिथून जीपनं बाजारातल्या डॉक्टरकडे. म्हणजे दुसऱ्याच दिवशी नेलं. हे लक्षात ठेवा.

त्या डॉक्टरनं पोटाला हातसुद्धा लावला नाही. "गॅस झालाय," म्हणाला. एक सुई टोचली आणि बाकावर बसवून ठेवलं. दुपार कलली आणि आईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. माझा हात धरून म्हणाली, "थंडावलं गो. एकदम थंडावलं."

ताप उतरला की आमच्याकडे म्हणतात, थंडावला. भांडण मिटलं की म्हणतात, थंडावलं. हा आमचा सुखाचा शब्द. मी धावत आत जाऊन सांगितलं, "आयचं पोट थंडावलं."

डॉक्टरनं मान वर केली नाही. "मग? झाली ना बरी? ने घरी."

आई वाडीचा चढ स्वतःच्या पायांनी चढली. काकी म्हणाली, "बघ, सुई कशी लागू पडली!" दोन दिवस आईच्या पोटात अन्न नव्हतं. मी नाचणीची आंबील केली आणि तिला पाजली. माझ्या हातानं. तिनं आणखी मागितली, मी आणखी दिली.

तिचं आतडं तेव्हा फुटलेलं होतं.

उजाडलं तेव्हा पोट फुगून लाकडासारखं झालं होतं आणि ती हिरवं ओकत होती. पुन्हा झोळी, पुन्हा जीप, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी, आणि मग शहरातलं मोठं इस्पितळ. तिथे ही अकरा जणांची रांग.

आतडं फुटून पोटात पू झाला तर काय करायचं, यावर मोठ्या साहेबांचं संशोधन चालू होतं. ऑपरेशनच्या आधी ते एक कागद घेऊन आले. सगळा इंग्रजीत. पोट साध्या मिठाच्या पाण्यानं धुवायचं की औषध घातलेल्या पाण्यानं, यातलं चांगलं कुठलं ते त्यांना शोधायचं होतं. कुणाच्या वाट्याला कुठलं पाणी, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "यात काय लिवलंय?"

"तुला काय कळणार? आईला वाचवायचंय ना?"

याला नाही कोण म्हणेल? मी म्हटलं, मला सही येते. पण त्यांनी आईचाच हात उचलला, अंगठ्याला शाई फासली आणि कागदावर दाबला. आई तापात बरळत होती. माझ्या भावाला हाका मारत होती.

ऑपरेशन झालं. दोन दिवस ती बरी होती, पाणी मागायची, वाडीतल्या कोंबड्यांची चौकशी करायची. मला वेड्यासारखी आशा लागली. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि पोटातल्या नळीतून घाण यायला लागली. मी नर्सला, झाडूवालीला, जो दिसेल त्याला विचारत सुटले, माझी आय वाचेल ना? साहेब रोज यायचे. नळीतलं पाणी मोजायचे, ताप बघायचे, लिहायचे, जायचे. माझ्याशी एक शब्द नाही.

बोलली ती न हसलेली मुलगी. तिनं मला बाकावर बसवलं आणि सांगितलं, याला पेरिटोनायटिस म्हणतात. अपेंडिक्स सुजलेलं असतं तोवर भयंकर दुखतं. फुटलं की ताण सुटतो, काही तास दुखणं कमी होतं. वरून सुईचाही असर. माणसाला वाटतं सुटलो, आणि आत घाण पोटभर पसरत असते. दाबून हात का उचलतात तेही सांगितलं. तसं केल्यावर कळ आली तर आतला पडदा सुजलाय असं समजतं. बाजारातल्या डॉक्टरनं एकदा, फक्त एकदा तेवढं केलं असतं तर!

आम्ही हसत घरी निघालो, त्या घटकेला तिला ऑपरेशनला घ्यायला हवं होतं. आणि मी तिला आंबील पाजली होती.

त्या मुलीच्या मांडीवर आईची फाईल होती. वरच्याच, साहेबांच्या संशोधनाच्या फॉर्मवर एका शब्दापुढे खूण केलेली. मी अक्षरं लावून पाहिली. आय, जी, एन. शब्द लागेना. तिला विचारलं.

"उशिरा आणण्याचं कारण," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "अडाणीपणा."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"कुणी नाही. खेड्यातला पेशंट असला की साहेब आधीच खूण करतात."

सहाव्या दिवशी सकाळी आई गेली. बाप आणि भाऊ अजून पोचलेही नव्हते. मी तिच्या पायाशी बसले होते, तर साहेब फाईल घेऊन आले. "फॉर्म पुरा करायचाय. इथे सही कर." आता माझी सही चालत होती.

मी म्हटलं, "आधी हे खोडा."

"काय?"

"अडाणीपणा. आमी दुसऱ्याच दिवशी नेली होती. डॉक्टरनं घरी धाडली. पोट थंडावलं होतं."

"थंडावलं? हे काय कारण झालं? असा रकाना नाही. आणि आता काय फरक पडतो? ती गेली."

"माझी गेली. वाडीत अजून माणसं हायत."

"तुम्हा लोकांसाठी कितीही करा, वर तोंड करून बोलणारच."

पण या वेळी मी बाहेर झाले नाही. त्यांच्या हातातलं पेन घेतलं. हिसकावलं म्हणा. त्या इंग्रजी शब्दावर रेघ मारली आणि कडेच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं: पोट थंडावलं होतं, डॉक्टरने बरी झाली म्हणून घरी पाठवलं. खाली आईचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव. अक्षर वाचता येईल असं.

साहेबांनी फॉर्म फाईलमधून ओढून काढला. "हा बाद," म्हणाले आणि घडी करून खिशात घातला.

म्हणजे त्यांच्या संशोधनात माझी आई नाही. तिचं पोट अकरा जणांनी दाबलं, साहेबांनी फाडलं, धुतलं, सहा दिवस मोजलं. तिचं खरं लिहिलं गेलं तेव्हा ती बाद झाली.

काकीनं मला विचारलं, "मी चोळलं म्हणून गेली का गो?" मी काय सांगणार? मला माहीत नाही. माझी आंबील आणि तिचं तेल, आम्ही दोघी ते आजही उरावर घेऊन आहोत. पण अडाणी नव्हतो आम्ही. सांगूनही ज्याला कळत नाही तो अडाणी. आम्हाला सांगितलंच कुणी?

म्हणून मी सांगते. डोळखांबपासून मुरबाडच्या हद्दीतल्या वाड्यांपर्यंत, जिथे पाय पोचतील तिथे. जोरात दुखणारं पोट अचानक थंडावलं तर घरी आणू नका. खायला घालू नका. चोळू नका. पुढे मोठ्या इस्पितळात न्या. सगळे ऐकतात असं नाही. नंतरही दोन माणसं गेली. एकाला तर त्याची माणसं घेऊन निघाली होती, पण ओढ्याला पाणी होतं, पलीकडे जाता आलं नाही. मी पोचले तेव्हा अलीकडच्या काठावर झोळी टेकवलेली होती. असं झालं की वाटतं, काय उपयोग या सांगण्याचा? वाटतं, आणि तरी दुसऱ्या वाडीला जाते.

पुढे दहाएक वर्षांनी आमच्या वाडीत जीप आली. दुसरी माणसं, दुसरं इस्पितळ, आजार तोच. पोटदुखीचे पेशंट उशिरा का येतात, याचा अभ्यास. मला म्हणाले, "बाई, लोक तुमचं ऐकतात. तुम्ही माणसं गोळा करून द्या." मी कागद मागून घेतला आणि तिथेच वाचला. आता मराठीत होता. उशिराचं कारण: अज्ञान. त्याखाली अंधश्रद्धा. डॉक्टरनं परत पाठवलं, असा रकाना नव्हता.

मी म्हटलं, "तो रकाना आधी टाका. माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिवा. आणि कागद वाचून दाखवल्याबिगर कोणाचा अंगठा घ्यायचा नाय."

"वर विचारावं लागेल," असं म्हणून ते गेले. अजून आलेले नाहीत.

विचारा की वर. अभ्यास नको असं मी कधीच म्हटलं नाही. मी तर म्हणते, जीव तोडून करा, कारण मरतो आम्हीच. पण आमची पोटं हवीत आणि आमचं बोलणं नको, असला अभ्यास या वाडीत मी होऊ देणार नाही.