उंटवालीच्या चार पानांसाठी चाळीसगाव ते जळगाव, धुळ्यामार्गे

चाळीसगावहून जळगावला जायचं तर सरळ रेल्वेत बसावं. पाचोरा लागतं, थोड्या वेळानं जळगाव येतं, उतरायचं, झालं. धुळ्याला वळसा घालून कुणी शहाणा माणूस जळगावला जात नाही. मी गेले होते. एकोणनव्वद-नव्वदचा मे महिना असेल. दोन दिवस लागले, आणि माझ्या सगळ्या जन्मात तेवढा चांगला प्रवास दुसरा झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव चाळीसगावपासून दोन कोसांवर. माझी नात मनू सुट्टीत आली होती. आठ वर्षांची, सुरतेची. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा सुरेश, तिकडे लूमवर कामाला. पोर गोड, पण तोंड सदा पुस्तकात. पुस्तक म्हणजे चित्रांचं, कॉमिक. मला ते काही पुस्तक वाटायचंच नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली. माझ्या लेखी पुस्तक म्हणजे काळी अक्षरं आणि मास्तरांचा मार. रंगीत चित्रं म्हटलं की कॅलेंडर, नाहीतर बियाण्याच्या कंपनीची जाहिरात.

तर पाहुणे आले, मी कुरडया तळल्या. तेल निथळायला कागद पाहिजे. कोनाड्यात हे रंगीत पडलेलं, त्याचं वरचं पुठ्ठ्याचं पान आधीच गेलेलं. मागचे दोन कागद ओढले, कुरडया काढल्या, आणि तेलकट कागद चांगला पेट घेतो म्हणून सकाळी चुलीत सारले.

दुपारी मनू आली. "आजी, माझी उंटवाली कुठंय?"

"कोण गं उंटवाली?"

मग कळलं. वाळवंटातली एक पोरगी, उंटावरून फिरते, चोर पकडते. चोरांनी तिला मिठाच्या खाणीत ढकललंय, पाणी गळ्यापर्यंत चढलंय, आणि पुढची चार पानं, म्हणजे ते दोन कागद पाठपोट, मी जाळली. पोर रडली नाही. रडली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, "मी पुढच्या सुट्टीत येणार नाही." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी वाढायचं, तिनं मान खाली घालून जेवायचं. आमरसाची वाटी तशीच परत यायची.

शनिवारी दुपारच्या सुरत गाडीला तिला जळगाव स्टेशनावर आणून सोड, मी घ्यायला येतो, असं सुरेशचं पत्र होतं. हातात शुक्रवार-शनिवार. मागच्या वर्षी धुळ्याला माझी भाची निर्मला हिच्याकडे मनू राहिली होती, तिथे ही पुस्तकं भाड्यानं मिळतात असं पोर कधीतरी बोललेली. मी पिशवी भरली. मालकांना सांगितलं, पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन घेऊन जाते, म्हणून धुळे-एरंडोलवरून जाते.

ते म्हणाले, "सरळ गाडी सोडीसन धुळे? तुनं डोकं फिरी गयं का वं?"

मी म्हटलं, "फिरनं."

चाळीसगाव-धुळे ही गाडी तुम्ही एकदा तरी करा. आखूड फाट्याची लाईन, छोटी स्टेशनं, शिरूड, बोरविहीर. बाहेर उन्हाळ्यात बघण्यासारखं काही नाही, नांगरलेली काळी रानं आणि बाभळी. पण गाडीला घाई नाही आणि माणसं डबे उघडून बसलेली. आमच्या समोरच्या बाईनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातावर ठेवली. वेळापत्रक आता बदललंय म्हणतात, स्टेशनात विचारून जा.

मनू खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, दुकानात जाऊन मागायचं तर आधी ठाऊक पाहिजे काय मागायचं. उरलेली उंटवाली पिशवीतून काढली आणि बोट ठेवून वाचायला लागले. हिंदी होतं, पण अक्षरं तीच. रेडिओमुळे हिंदी कळायचं. एक पान झालं, दुसरं झालं. मला काही मेळ लागेना.

"मनू, ही आत्ता खाणीत पडली, आणि खालच्या चौकटीत चोराच्या शेजारी बसून खजूर खाते? आणि मग पुन्हा पडते?"

मनूनं वळून पाहिलं. "तू कसं वाचतेस?"

मी बोट फिरवून दाखवलं. वरून खाली, शेवटपर्यंत. मग शेजारची, परत वरून खाली. निंदणीला आपण पात धरतो ना, आपली पात शेवटपर्यंत न्यायची, मधेच शेजारणीच्या पातीत शिरायचं नाही, तसंच. मला वाटलं चौकटींच्या पण पाती असतात.

पोर हसली. अशी हसली की समोरच्या बाईची भाकरी तोंडात राहिली. दोन दिवसांनी आवाज ऐकला मी तिचा.

"आजी, आडवं! आधी ही, मग ही. मग खाली."

आडवं वाचलं आणि काय सांगू, सगळं जागच्या जागी बसलं. खजूर आधीचे होते. चोरानं गोड बोलून खायला घातले आणि नंतर ढकललं! मी त्या चोराला गाडीत मोठ्यानं शिव्या दिल्या. मनू बघतच राहिली.

बोरविहीर येईपर्यंत तिनं मला सगळं शिकवलं, रागात होती तरी. शब्द लिहिलेल्या फुग्याला शेपटी असेल तर माणूस बोलतोय. फुग्याला काटे असतील तर ओरडतोय. आणि शेपटीऐवजी बारके बारके गोळे असतील तर मनातल्या मनात बोलतोय. यावर मी थांबलेच. मनातलं! आमच्या घरात बारा माणसं जेवायची, पण वाढणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय ते कुणाला दिसलं का कधी? इथे कुणा चित्रकारानं तीन गोळे काढले आणि सगळं उघडं. आणखी एक गंमत. एका चौकटीत चोराचा हात वर गेलेला, पुढच्या चौकटीत पागोटं खाली पडलेलं. मधली चापट कुठं छापलेलीच नाही. ती आपणच मारतो. केवढी अक्कल आहे बघा!

धुळ्याला उतरलो तेव्हा ऊन टाळूत शिरत होतं. पांझरा कोरडी. निर्मलाकडे शेवभाजी खाल्ली, तिखट इतकं की मनूच्या डोळ्यांतून पाणी आणि हातातली पोळी काही सुटेना. धुळ्यात जाल तर शेवभाजी घरची खा, हॉटेलात तेल फार.

उन्हं कलल्यावर निर्मलाच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक खिडकी. पण आत! भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कॉमिक वाळत घातलेली, लुगडी घालावी तशी. लाल, पिवळी, निळी. मला शहादा-सारंगखेड्याच्या जत्रेत सुद्धा एवढे रंग दिसले नव्हते. मी दारातच हात जोडले. निर्मला म्हणाली, "मावशी, देऊळ नाही ते." मी म्हटलं, "असू दे."

दुकानदार म्हणाला, "उंटवाली? होती ना. जुना गठ्ठा विकला मागच्या महिन्यात. एरंडोलला स्टँडजवळ सायकलवाले नाना आहेत, त्यांनी नेला."

मनूचं तोंड पुन्हा मिटलं. मी म्हटलं, "एरंडोल तर वाटेवरच आहे. उगाच का धुळ्यावरून आलो आपण?"

सकाळी लवकरची जळगाव एसटी धरली. पारोळ्यापर्यंत रस्ता तेव्हा एकपदरी, समोरून ट्रक आला की आमची गाडी कडेच्या धुळीत. आता रस्ता मोठा झालाय, त्यामुळे तुम्हाला धूळ मिळणार नाही, आणि ती मजा पण नाही. शेजारी एक म्हातारी बसलेली, मांडीवर कोंबडी.

"कथा जाई राह्यन्या, अक्का?"

"एरंडोलले."

"पद्मालयले का?"

"नही वं. पुस्तक वाचाले."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इतली दूर? तुमना गावमा पुस्तकं सरनात का?"

मनू खुदकन हसली आणि मग तिनंच त्या म्हातारीला उंटवालीची बठ्ठी, म्हणजे अख्खी गोष्ट सांगितली, अर्धी हिंदीत, अर्धी आमच्या बोलीत. पाण्यापर्यंत आली आणि थांबली. म्हातारी म्हणाली, "मंग?" मनू म्हणाली, "मंग आजीनं कुरडया तळल्या." गाडीतल्या चार जणांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर पुढे ओढला.

एरंडोल स्टँडवर उतरलात की उसाच्या रसाची घुंगरं ऐकू येतात. दोन ग्लास प्या, बर्फ कमी सांगा. पद्मालय तिथून पाच-सहा मैल आत. एकाच चौथऱ्यावर उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती आहेत, जरूर जा. मी गेले नाही. खोटं का सांगू? रस्त्यावरूनच हात जोडले आणि सायकलवाल्यांचं दुकान विचारलं.

नाना म्हणजे सत्तरीचे, कानावर खडू. त्यांची पद्धत अशी की सायकल जशी तासानं मिळते, तसंच कॉमिक पण तासानं. पाटीवर खडूनं वेळ लिहायची, तासाला चार आणे, आणि दुकानासमोरच्या बाकावरच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. भिंतीवर एका बाजूला ट्यूब लटकलेल्या, दुसऱ्या बाजूला कॉमिक. उंटवाली होती. पुठ्ठ्यासकट, शेवटच्या पानासकट. मी म्हटलं विकत द्या. नाना म्हणाले, "अक्का, सायकल विकतो का मी?"

बसलो. मनूनं शेवटची चार पानं उघडली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. डोळे भराभर फिरले, भुवया वर गेल्या, एकदा हात तोंडावर गेला, आणि "झालं" म्हणून तिनं पुस्तक मिटलं. उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी पोर सैल झाली होती.

"चल आजी, बस लागलीय."

आणि मला काय झालं कोण जाणे. मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. म्हटलं, "माझं कुठं झालंय?"

"मी सांगते ना शेवट."

"खबरदार."

उघडलं. आडवं. बोट पहिल्या फुग्याखाली. साधं अक्षर पटकन यायचं, जोडाक्षर आलं की बैल चिखलात अडकावा तशी मी. 'रस्सी'शीच मी केवढा वेळ झटले. पाणी तिच्या हनुवटीला लागलेलं, मला घाम फुटलेला. बस गेली. मनूनं पिशवी खाली ठेवली. शेजारी बसली, पाय हलवत. थोड्या वेळानं माझं बोट ओळीवरून घसरायला लागलं, तर तिनं आपलं बोट खाली धरलं. शब्द मात्र सांगितला नाही. मी म्हणेपर्यंत बोट हलायचं नाही.

"अक्का, तास व्हई ग्या," नाना म्हणाले.

"अजून एक लिहा."

दुसरी बस गेली. मग तिसरी. नानांनी पाटीवरचं पुसलं आणि परत काही लिहिलंच नाही. शेवटची चौकट वाचली तेव्हा मी बाकावरून उठून उभी राहिले. काय झालं ते इथे लिहिणार नाही. तुम्ही शोधा आणि वाचा.

जळगावच्या वाटेवर केळीची रानं हिरवीगार, बघत बसावं असं. पण मी कंडक्टरला पुन्हा पुन्हा वेळ विचारत होते. सुरेश स्टेशनाच्या दारातच उभा होता.

"आई, गाडी गेली! किती वेळ उभा आहे मी. कुठे होता तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत मनू पुढे झाली. "पप्पा, माझ्यामुळे. मी कॉमिक वाचत बसले. आजी उठ उठ म्हणत होती."

"तुझी ती पुस्तकं आता बंदच करतो, थांब!"

मनूनं मान खाली घातली, पण हात मागे करून माझं बोट घट्ट दाबलं. गप्प बस, असं. आठ वर्षांची पोर. मी सासूसमोर, मास्तरासमोर, पोस्टातल्या माणसासमोर जन्मभर अडाणीपण झाकत आले. ते माझं झाकण आता तिनं धरलं होतं. मला ते सहन झालं नाही.

"खोटं बोलते ती," मी म्हटलं. "मी वाचत होते. चार पानं. सगळी. म्हणून उशीर झाला."

"तू? वाचत होतीस?"

"हो. तिनं वाट पाहिली माझी. तिला बोलू नको."

सुरेशनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मग डझनभर केळी घेऊन आला. पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. दोन केळी खाऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "मग सुटली का ती खाणीतून?" त्यानंच ते कॉमिक सुरतेला तिला आणून दिलेलं, आणि देण्याआधी मेल्यानं अर्धं वाचलेलं!

मनू आणि मी एकदमच म्हणालो, "सांगणार नाही."

मी एकटी सरळ गाडीनं चाळीसगावला परत आले. जाताना दोन दिवस लागले, येताना चटकन घरी. स्टेशनांची नावं, साबणाच्या जाहिराती, डब्यात लिहिलेल्या सूचना, जे दिसेल ते वाचत आले. वाचायला काय, कुणीही शिकवतं. मास्तरांनी पण शिकवलं होतं, छडी घेऊन. पण मी अडखळत असताना आपली बस सोडून कुणी शेजारी बसलं, असं मात्र त्या बाकावर पहिल्यांदाच झालं.

पुढच्या मे महिन्यात ती येते की नाही, वर्षभर धाकधूक होती. आली. पिशवीतून एक नवंकोरं कॉमिक काढलं, तिनं स्वतः अजून न उघडलेलं.

"आजी, आधी तू. आणि शेवट सांगायचा नाही."

मला अकरा दिवस लागले असते. तिनं आठ दिवस कळ काढली, नवव्या दिवशी माझ्या हातातून ओढून घेतलं.