मागच्या सीटचं इंजिन

पोलोग्राउंडच्या एका मिस्त्रींना मी बाबांच्या जुन्या स्कूटरला लांबच्या प्रवासासाठी दमदार इंजिन बांधायला सांगितलं. किती पळवायची, हे त्यांनी विचारलंच नाही.

"मागे कोण बसणार, भिया?"

"बायको."

"मग स्पीड विसरा. घाटात वहिनींना उतरून चालावं लागलं, तर इंजिन किस काम का?"

मोठा सिलिंडर बसवताना ते पिस्टनशी हळूहळू बोलत, लहान मुलाला स्वेटर घालताना बोलावं तसे. इंजिन तयार झालं की भेरूघाटात ट्रायल, आणि मागे स्वतःची बायको, ही त्यांची रीत. मी बसने पुढे जाऊन घाटावरच्या चहाच्या टपरीशी थांबलो. स्कूटर कुठेही धापा न टाकता वर आली. मिस्त्रींनी हसत पाय टेकवले.

"कशी वाटली, वहिनी?" मी विचारलं.

"मस्त! ह्यांच्या स्वतःच्या स्कूटरवरून मात्र मला अजून घाटात उतरावं लागतं."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "अगं, पुढचं इंजिन आपलंच. पक्का."

"दर वेळी हेच म्हणतात, भिया," त्या म्हणाल्या. पण सीटवरून काही उतरल्या नाहीत. मिस्त्रींनीही त्यांना उतर म्हटलं नाही.