तीन हजार मीटर

सिल्वासाच्या आमच्या छोट्या कॉलेजात मी खेळांची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा तिथे मैदानच नव्हतं. इमारतीमागे गवत होतं आणि गवतात दगड. नवऱ्याची सरकारी नोकरीत इथे बदली झाली म्हणून मी रत्नागिरीकडून आलेली. डोकमर्डीतल्या खोलीतून सकाळी लवकर निघायचं आणि मुलामुलींना घेऊन दगड वेचायचे, यात दोन वर्षं गेली. मग एकदाचा आम्ही चुन्याच्या फक्कीने धावण्याचा मार्ग आखला. चारशे मीटरचा बसेना, तीनशेचा केला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या कॉलेजच्या मैदानी खेळांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर तो त्या पांढऱ्या रेघेपासून लिहावा लागेल.

ती पुढच्या वर्षी आली. सुरंगी गावची, वारली घरातली, अंगाने काटक आणि अबोल. बस चुकली की अर्धा रस्ता पळत यायची. एका सकाळी उशीर झाला म्हणून मी रागावले तर म्हणाली, "मॅडम, पळत आले म्हणून एवढा तरी वेळ वाचला." तीन हजार मीटर म्हणजे आमच्या मैदानाच्या दहा फेऱ्या. पहिल्या दिवशी दहा धावून झाल्यावर तिने विचारलं, "अजून आहेत?"

त्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती पहिली आली. आमच्या कॉलेजला असं काही कधीच मिळालं नव्हतं. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं, टाळ्या झाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्या मला माझ्याच वाटल्या. सुरतेच्या विद्यापीठ स्पर्धेला तीन आठवडे होते. मी सराव दुप्पट केला.

दुसऱ्या आठवड्यात ती फेऱ्यांमध्ये थांबून डाव्या पायाची नडगी चोळायला लागली. मी पाहिलं. दोनदा, तीनदा पाहिलं. शिट्टी वाजवली की ती पळायची, म्हणून मी शिट्टी वाजवत राहिले.

सुरतेला शेवटच्या फेरीपर्यंत ती दुसरी होती. मी कडेने ओरडत होते, "सोडू नकोस! सोडू नकोस!" शेवटच्या वळणावर तिचा पाय दुमडला. ती पडली, उठली, दोन पावलं टाकली आणि पुन्हा पडली. हाडाला आधीच चीर गेलेली होती, असं डॉक्टर म्हणाले. "हिला दुखत असणार बरेच दिवस. कुणाला बोलली नाही?"



प्लास्टर घालून तिला घरी पोचवलं. महिन्याभराने सुरंगीला गेले तर प्लास्टर घरच्यांनी कधीच काढून टाकलेलं. तिची आई अंगणात वाल निवडत होती. "किती दिवस बसवून ठेवायची, बाय? लाकडं कोण आणील?" ती आतून बाहेर आली ती लंगडत. कॉलेजला ये म्हणाले, तर तिने हो म्हणून नुसती मान हलवली. ती आली नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे कारखाने वाढत गेले. कॉलेजात विद्यार्थी वाढले आणि मैदानावर वर्गखोल्या उभ्या राहिल्या. उरलेल्या तुकड्यात फार तर कबड्डी व्हायची. लांबच्या शर्यतीला त्यानंतर मी कुणालाच पाठवलं नाही. विचारलं की जागा नाही म्हणायचे.

ती मला पुन्हा भेटली नरोलीला, पाळी सुटताना एका कारखान्याच्या फाटकाशी. गळ्यात ओळखपत्र, सोबत खानदेशातल्या दोन-तीन बायका. तिनेच हाक मारली. चहा घेतला. आठ-आठ तास उभं राहावं लागतं, म्हणाली. मी खूप दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं, "माझं चुकलं गं. मी तुला थांबवायला हवं होतं."

तिने पेला खाली ठेवला. "थांबवलं असतंत तरी मी थांबले नसते, मॅडम. पण दुखतंय का, एवढं एकदा विचारायचं होतंत. मी रोज वाट बघायचे."

आवाजात राग नव्हता. रिक्षा आली तशा बायकांनी तिला बोलावलं. डावा पाय आधी आत ओढून घेऊन ती बसली. रिक्षा भरली होती, त्यामुळे तिला मागे वळून बघता आलं नाही.