ओहोटीतली सीईटी

माझ्या नातीने इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा दिली आणि तिच्यात मी नापास झालो.

कसा, ते सांगतो. माझं नाव पांडुरंग, गावात पांडू नाखवा. शाळा चौथीपर्यंत. (चौथीत किती वर्षं होतो ते विचारू नये.) पुढचं शिक्षण होडीत. बायको तुळसा गेल्या वर्षी गेली. घरात आता मी, सून सुरेखा आणि नात मानसी. मुलगा उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो, अधूनमधून घरी येतो आणि येताना सुनेसाठी कपाळाला लावायचा बाम आणतो. तिचं कपाळ कोणामुळे दुखतं हे आमच्यात कोणी बोलत नाही.

तर मानसीची बारावीची परीक्षा संपली. मी म्हटलं, सुटली बिचारी! दुसऱ्याच दिवशी बघतो तर पुन्हा पुस्तकं उघडून बसलेली.

"आता काय गं?"

"सीईटी, आजोबा. प्रवेश परीक्षा. तिचे मार्क असल्याशिवाय कॉलेजवाले घेत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "मग बारा वर्षं शाळेत काय झोपा काढल्यास? बारा वर्षांचं एका सकाळी कसं कळणार त्यांना? त्या दिवशी पोट बिघडलं म्हणजे पोर बिनडोक ठरली काय? एक दिवस जाळ्यात मासळी न्हाय आली म्हणून नाखवा वाईट?"

मानसीने पेन खाली ठेवलं. ती पेन खाली ठेवते तेव्हा मला भीती वाटते. तिची आजी असंच उलथनं खाली ठेवायची.

"आमच्याकडे प्रॅक्टिकलचे मार्क कसे पडतात माहीत आहे? सरांच्या खासगी क्लासला जातो त्याला पैकीच्या पैकी. मी क्लासला नव्हते. सीईटीच्या कॉम्प्युटरला ठाऊकच नसतं मी कोण, कुणाची, कुठल्या गावची. त्याला फक्त उत्तर पाहिजे."

"म्हणजे तोंड न बघता नवरी पसंत करायची!"

"हो! मला तेच पाहिजे."

मी उठून जाळं शिवायला घेतलं. पण हरलो असं मी म्हटलं नाही. (तुळसा असती तर माझ्या वतीने तिनेच म्हटलं असतं. ते काम तिच्याकडे होतं.)

परीक्षेचं ठिकाण खाडीपलीकडच्या कॉलेजात. फाटक साडेनऊला बंद, मग देव आला तरी उघडायचं नाही. आणि आज चुकलं की वर्ष गेलं. सुरेखाने शहाणपणाने आदल्या दिवशीच रिक्षा सांगून ठेवली. आणि मी अतिशहाणपणाने ती रद्द केली!

"रस्त्याने खाडीला वळसा घालून जाणार? मधे कंटेनर आडवा झाला तर? माझ्या होडीने सरळ पलीकडे. परीक्षेआधी पोरीला वारा लागेल, डोकं ताजं होईल."

"मामंजी, पाणी असेल ना?" सुरेखाने विचारलं. ती डोंगराकडल्या गावची. तिच्या माहेरी पाणी नळाला असतं किंवा नसतं, तेवढंच तिला ठाऊक.

"कुणाला विचारतेस हे?" मी म्हटलं.

आता खाडीची गोष्ट अशी, की भरतीला ती रस्ता असते आणि ओहोटीला चिखल. कधी काय, ते तिथीवर. द्वादशीला सकाळी नऊच्या सुमाराला खाडी काठोकाठ असते, पंचमीला त्याच सुमाराला तळ उघडा पडतो. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही येतं. मलाही येतं. फक्त आज तिथी कुठली, एवढं एकच मला जन्मात कधी ठाऊक नव्हतं. ते तुळसा सांगायची. मी वल्हं खांद्यावर टाकलं की चुलीपासूनच ओरडायची, "आज सप्तमी हाय, गप वेळेवर या!" सगळे उपासतापास तिचे, आणि त्यांच्यावर होडी चालायची माझी. ती गेली आणि घरातली तिथीच गेली. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण तिने शेवटचं उलटलेलं पान मी पुढे कुणाला उलटू दिलं नव्हतं. आणि पन्नास वर्षं दर्यावर काढलेला माणूस लोकांना विचारणार कसा, की बाबांनो, आज काय आहे?

म्हणून मी अक्कल चालवली. आदल्या दिवशी सुरेखाने साबुदाण्याची खिचडी केली होती. साबुदाणा म्हणजे उपास, उपास म्हणजे एकादशी. काल एकादशी तर आज द्वादशी. नऊला खाडी भरणार! (साबुदाणा संकष्टी चतुर्थीलाही खातात हे मला माहीत होतं. पण मला एकादशी हवी होती.)

सकाळी धक्क्यावर आलो तेव्हा खाडीत अर्धं पाणी होतं. चढणारं अर्धं पाणी आणि उतरणारं अर्धं पाणी दिसायला सारखंच. पण नांगरलेली होडी खोटं बोलत नाही. प्रवाह जिकडून येतो तिकडे ती तोंड करते: भरतीला समुद्राकडे, ओहोटीला गावाकडे. त्या दिवशी झाडून सगळ्या होड्या गावाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"बघ!" मी मानसीला म्हटलं, "सगळ्या होड्या तुला आशीर्वाद द्यायला वळल्यात!"

हँडल मारलं, मशीन सुरू झालं, निघालो. धक्क्यावरून दोघातिघांनी जोरजोरात हात हलवले. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मीही प्रेमाने हात हलवला.

"आजोबा," मानसी थोड्या वेळाने म्हणाली, "तो खांब मघाशी एवढा उघडा नव्हता."

"तू तुझं पुस्तक बघ. खाडी मी बघतो."

"पाणी उतरतंय, आजोबा."

"चढतंय! पन्नास वर्षं काय गोट्या खेळलो मी इथं?"

आणि होडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही. म्हैस डबक्यात बसते तशी सुखाने बसली. मी मशीन रेटलं, तर पंख्याने एवढा चिखल उडवला की मानसीची पांढरी ओढणी माझ्या देखत चॉकलेटी झाली.

"येईलच पाणी आता," मी म्हटलं.

पाणी आलं नाही. ते आमच्या दोन्ही अंगांनी निरोप घेऊन समुद्राकडे चाललं होतं. थोड्या वेळाने चारी बाजूंना नुसता चिखल, आणि बिळांतून खेकडे बाहेर येऊन आमच्याकडे बघू लागले. एवढा मोठा प्राणी इथे कसा, असं त्यांना झालं असावं.

मानसी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी आजीला सांगितलं होतं, पहिल्याच झटक्यात पास होईन." बस, एवढंच. मला वाटलं, चिखल आहेच, त्यात शिरून वरून झाकण घालून घ्यावं.

तेवढ्यात चिखलातून कोणीतरी सरपटत येताना दिसलं. हिराबाय! तुळसाची लहानपणापासूनची मैत्रीण. ओहोटीला ती निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, पकडायला येते. रुतू नये म्हणून बरोबर रुंद फळी. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलायचा, की बाई सुसाट!

"ए नाखवा! पंचमीच्या सुकतीला होडी घेऊन कुटं रं निघालास?"

"पंचमी?"

"काल संकष्टी व्हती न्हवं! अरं, तुळसी गेली ती तुझं डोकं बी संगती घेऊन गेली काय?"

खरं सांगायचं तर, व्हय. पण ते सांगायला वेळ नव्हता. मी सगळं एका दमात ओकलो: परीक्षा, फाटक, साडेनऊ.

हिराबायने निवट्यांची टोपली मानसीच्या हातात दिली. "बस गो फळीवर. मांडी घालून. हलू नुको."

मग आमची वरात निघाली. पुढे हिराबाय दोरी कमरेला बांधून ओढते आहे, मधे फळीवर माझी नात, मांडीवर वळवळत्या निवट्यांची टोपली, दातांत हॉल तिकिटाची पिशवी. मागे मी ढकलतो आहे, मांडीपर्यंत चिखलात.

"जोर लाव! नात हाय तुजी, बोंबलाची पाटी न्हाय!"

"लावतोय की!"

"तोंडानं न्हाय, हातानं लाव!"

जोर लावला. फळी पुढे गेली, मी तिथेच तोंडावर आडवा. खिशातला फोन गेला तो कायमचा. (आता कोणी मला फोन केला तर निवट्या उचलत असतील.) उठलो, पुन्हा ढकललं. आणि एवढ्या गोंधळात मानसी पिशवी हातात घेऊन सूत्रं म्हणत होती! हिराबायला वाटलं पोर स्तोत्र म्हणते आहे. तिने ओढता ओढता दोनदा हात जोडले.

काठाला लागलो. हिराबाय म्हणाली, "होडीचं काय?"

"ते मी बघतो," म्हटलं आणि पळालो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे महागात पडलं.

फाटकावरचा रखवालदार फाटक ओढतच होता. आम्हाला बघून तो दोन पावलं मागे सरला.

"काय हे?"

"परीक्षार्थी," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"मी न्हाय रं, ही!"

त्याने भिंतीवरची नियमांची यादी वाचायला घेतली. "फोन?"

"बुडाला."

"घड्याळ, दागिने?"

"नाहीत."

"बंद बूट चालत नाहीत."

मानसीने पाय दाखवले. चपलाही खाडीत राहिल्या होत्या.

"पण हा चिखल..."

"यादीत चिखल आहे काय? बघ नीट!"

त्याने खरंच वरपासून खालपर्यंत बघितलं. चिखल नव्हता. मग त्याने हॉल तिकीट बाहेर काढलं आणि त्याचं नाकच वर गेलं. पिशवी सुकटीची होती. "आणि फोटोतली मुलगी ही नाही!"

मी डोक्याचं फडकं सोडलं. ते तुळसाच्या हिरव्या लुगड्याचं. वर्षभर ते मी पाण्याला लावलं नव्हतं. फाटकाजवळच्या नळाखाली धरलं आणि पोरीचं तोंड खसाखसा पुसलं. चिखलाखालून माझी नात निघाली. थोडी तुळसाच निघाली म्हणा. रखवालदाराने फोटो बघितला, तोंड बघितलं, आणि एकदम हसून म्हणाला, "जा बाळा, पळ!"

फाटक तिच्या मागे बंद झालं. मी बाहेर रस्त्यावर बसलो. पालक मंडळी माझ्यापासून अंतर ठेवून उभी होती. एक जण लांबूनच म्हणाला, "आजोबा, कुठला क्लास लावला होता?"

"ओहोटीचा," मी म्हटलं.

तीन तासांनी मानसी हसत बाहेर आली. "मस्त गेला पेपर! दोन्ही बाजूच्या मुलांनी जागा बदलून मागितली. एवढी शांतता मला घरी कधी मिळाली नव्हती."

आम्ही एसटीने घरी निघालो. आणि तिथे गाडीत मला आठवलं, की होडीचा नांगर टाकायचा राहिला!

होडीला मात्र तिथी कळत होती. भरती आली तशी ती उठली आणि पाण्याबरोबर रिकामीच गावाकडे आली. धक्क्यावर बोंब. हिराबाय सगळ्यांना सांगून बसली होती, "पोर पल्याड काठाला लागली. म्हातारा म्हनला, होडीचं मी बघतो." बस! म्हातारा होडी बघायला परत गेला आणि बुडाला, असं गावाने ठरवलं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात ही गर्दी. मानसी पुढे धावणार, मी तिचा हात धरला. असा मौका माणसाला एकदाच मिळतो. पडवीच्या कुडाआड उभा राहून ऐकू लागलो.

"मानूस वाईट नव्हता," शेजारी म्हणाला.

"तोंड वाईट व्हतं," दुसरा.

"तोंड लईच वाईट व्हतं!" सगळे.

सुरेखा हुंदके देत होती. "रोज सकाळी चहा दिला की म्हणायचे, चांगला झालाय हो सूनबाई..."

हे मी जन्मात एकदाही म्हटलेलं नाही! मला राहवलं नाही. मी कुडाआडून म्हटलं, "सूनबाई, चहा टाक. चांगला कर."

पुढचं सांगत नाही. दोन बाया बेशुद्ध पडल्या, आणि हिराबायने निवट्यांची टोपली माझ्या डोक्यात घातली.

निकाल लागला. मानसीला मार्क चांगले पडले, कॉलेज मिळालं, आता ती होस्टेलवर असते. मी तिला म्हणालो होतो, बारा वर्षांचं एका सकाळी कसं कळणार? माझं पन्नास वर्षांचं एका सकाळीच कळलं. दर्याने माझे जुने मार्क बघितलेच नाहीत. एकच प्रश्न टाकला: आज तिथी कुठली? तरी माझं एक म्हणणं कायम आहे. सकाळ वाईट निघाली म्हणून माणूस फेकून देऊ नये, त्याला पुन्हा परीक्षेला बसू द्यावं.

हे मी मानसीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंजूर!" जाण्याआधी तिने आजीच्या कॅलेंडरशेजारी नवं कॅलेंडर लावलं. आजीचं पान तसंच राहू दिलं. आणि मशीनचं हँडल आईकडे कुलपात ठेवलं.

आता रोज सकाळी होस्टेलवरून सुरेखाच्या फोनवर फोन येतो. "आजोबा, आज तिथी कुठली?" बरोबर सांगितली तर हँडल मिळतं. कॅलेंडरकडे मान वळवली तर सुरेखा ओरडते, "मानसी, कॉपी करतायत!" काल मी छातीठोकपणे दशमी म्हणालो. नवमी निघाली. उद्या पुन्हा परीक्षा.

प्रवेश परीक्षा नको म्हणून घर डोक्यावर घेणारा मी, माझ्याच होडीत मला प्रवेश नाही. मार्क कमी पडले!