तुमच्यात असं असतं

दोन कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे नर्सिंगचा डिप्लोमा. त्यावर भागीरथी. उजवीकडे पासपोर्टची झेरॉक्स. त्यावर मृणाल. आडनावंही वेगळी. बाईने पेनाचं टोक आधी एका कागदावर टेकवलं, मग दुसऱ्यावर. माझ्या बायकोकडे बघत तिने इंग्रजीत विचारलं,

"यातली कोणती बाई माझ्यासमोर बसली आहे?"

"मृणाल," मी म्हणालो.

"मी तुम्हाला विचारलेलं नाही."

तिने पेनानेच भिंतीकडची खुर्ची दाखवली. पाण्याच्या मशीनशेजारची. मी उठलो आणि तिथे जाऊन बसलो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी. पण शरीराला सवय होती. गावच्या शाळेत गुरुजी असंच छडीने दाराजवळची जागा दाखवायचे. तोंडाने बोलायचे नाहीत. फक्त छडी.

हे दोह्यातल्या अल नस्र भागातलं, तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. जर्मनीतल्या हॉस्पिटलांना नर्सेस पुरवणारी एजन्सी. ती बाई तिकडून मुलाखती घ्यायला आली होती. तिच्या समोर माझी बायको, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी मागे. आणि दाराशी फ्रान्सिस, वसईचा, एजन्सीत फायली सांभाळणारा. आमची फाईल इथवर त्यानेच आणली होती.

आम्हाला जायचंच होतं. सतरा वर्षं दोह्यात काढली. पण इथे नोकरी संपली की देश संपतो. माझ्या कंपनीचं काम उन्हाळ्यापर्यंतचं. बायकोचं क्लिनिक बंद व्हायच्या नोटिशीवर. लेक सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. परभणीला चार आठवड्यांच्या वर कधी राहिलेली नाही. जर्मनीत नर्स लागतात, कुटुंबाला घेऊन जाता येतं, काही वर्षांनी कायमचं राहता येतं. बायकोने वर्षभर ड्यूटी करून रात्री भाषा शिकली. परीक्षा पास झाली. आता उरलं होतं ते नावाचं.

नावाचा कागद मीच तयार केला होता. माझं कामच ते. बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. कोणत्या कागदावर काय छापलं म्हणजे तो पास होतो, हे मला पाठ. प्रतिज्ञापत्रात मी इंग्रजीत लिहिलं होतं: लग्नानंतर आमच्या संस्कृतीतील प्रथेप्रमाणे पत्नीने स्वेच्छेने मृणाल हे नाव स्वीकारले. तिने न वाचता सही केली. गेली एकोणीस वर्षं मी पुढे केलेल्या कागदांवर ती तशीच सही करते.

त्या एका ओळीत दोन थापा होत्या. दोन्ही माझ्या.

आमच्या बौद्ध लग्नात तांदळाच्या ताटात नाव लिहायची पद्धत नाही. निदान आमच्या वस्तीत तरी नव्हती. बुद्धवंदना, पांढरी साडी, हार, जेवण, संपलं. ताट मी मागितलं. औरंगाबादला नोकरीला असताना साहेबांच्या घरचं लग्न मी पाहिलं होतं. नवरा अंगठीने तांदळात नाव काढतो, बायका हसतात, फोटोवाला म्हणतो थांबा थांबा. मला ते हवं होतं. आणि मला भागीरथी नको होती. वस्तीत तिला भागू म्हणायचे. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव मी आधीच बदललं होतं. त्या आडनावाशेजारी भागू शोभली नसती.

साहेबांच्या मुलीचं नाव मृणाल होतं. मी तेच उचललं.

माझ्या सासूला ते कधी म्हणता आलं नाही. ती मिरनाल म्हणायची. नंतर नंतर तिने लेकीला नावाने हाक मारणंच सोडलं. फोनवर म्हणायची, "बाई हाय का?" मला ते बरं वाटायचं. एक कटकट गेली, असं.

दोह्यात आल्यावर पहिल्याच जानेवारीत मराठी मंडळाच्या एका बाईकडे हळदीकुंकू होतं. अल रय्यानमध्ये मोठी व्हिला. नवरा गॅस कंपनीत, माणसं पुण्याची. बायकोला आत सोडून मी दारातच उभा होतो. ऐकू येत होतं. बाईने विचारलं, मृणाल नाव माहेरचं की सासरचं? बायको म्हणाली, सासरचं हाय. मग तीच बाई गोड आवाजात म्हणाली,

"तुमच्यात वाण लुटतात का हो?"

तुमच्यात. मराठीत जात विचारायला जात हा शब्द लागत नाही. हा पुरतो.

घरी येताना गाडीत मी बायकोवर चिडलो. त्या बाईवर नाही. म्हणालो, "हाय नाही, आहे. किती वेळा सांगायचं?" त्या दिवसापासून मी तिला शिकवायला लागलो. आहे. नाही. मला. विचारलं. इचारलं नाही, विचारलं. बाहेरून येणाऱ्यांना तिथल्या रीती शिकवणारा जर्मनीचा इंटिग्रेशन कोर्स फार पुढे आला. आमच्या घरात तो आधीपासून चालू होता. मास्तर मी. विद्यार्थिनी एक. सुट्टी नाही. कुणी मूळ आडनाव विचारलं तर काय सांगायचं, देवघर कुठे असं विचारलं तर काय सांगायचं, सगळं पाठ करून घेतलं होतं. ती शिकली. हुशार आहे. पण घरात बोलायची कमी झाली. मला वाटलं, शहाणी झाली.

तर त्या ऑफिसात बाईने माझं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं. स्वेच्छेने या शब्दावर थांबली. पेनाने तो शब्द गोल केला.

बायकोला म्हणाली, "हे खरं आहे? तुम्ही हे नाव स्वतः निवडलंत?"

फ्रान्सिसने माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या. होईल, होईल, असं. फक्त यस म्हणायचं होतं. यस म्हटलं की शिक्का. नाही म्हटलं तर शपथेवरचा कागद खोटा, फाईल बाजूला. बायकोला हे माहीत होतं. मीच आदल्या दिवशी तीनदा समजावलं होतं.

पाण्याच्या मशीनमध्ये एक बुडबुडा वर आला. मला तिची फक्त पाठ दिसत होती. वेणी, आणि पर्सच्या पट्ट्यावरून फिरणारा अंगठा.

मग ती इंग्रजीत म्हणाली, "नो, मॅडम." आणि पुढचं मराठीत, कुणाकडेच न बघता. "मला कुणी इचारलं नव्हतं."

इचारलं.

बाईला शब्द कळले नसतील. तिचा चेहरा मात्र लगेच बदलला. मऊ झाला. मुलाखतभर जो नव्हता तो ओलावा आला. तिने बायकोच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, मला समजतं. अशा खूप बायका आमच्याकडे येतात. मग मला बोलावलं आणि एक छापील फॉर्म काढला. तिने समजावून सांगितलं ते असं की फाईल अडणार नाही. प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचं. त्याऐवजी हा फॉर्म द्यायचा, त्यात आधीच छापलेलं होतं की आमच्या समाजात बायकांना विचारण्याची पद्धत नाही, नाव त्या प्रथेमुळे बदललं गेलं. खाली माझी सही. जर्मनीत पोचल्यावर मी नवऱ्यांसाठीच्या एका वेगळ्या वर्गाला बसायचं. बायकांशी कसं वागायचं ते तिथे शिकवतात.

"तुमच्या संस्कृतीत असं असतं," ती म्हणाली. "हा तुमचा दोष नाही."

इंग्रजी वाक्य होतं. माझ्या कानात मात्र मराठीच पडलं. तुमच्यात असं असतं.

फ्रान्सिस जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, सही करा नि मोकळे व्हा. मॅडम तुमच्याच फायद्याचं बोलते. वर्गाला काय, जाऊन झोपा मागच्या बाकावर. यल्ला, चला, खलास."

मी पेन घेतलं. खरं सांगतो, सही करायलाच घेतलं. सोपं होतं. मला आयुष्यभर जे हवं होतं तेच ती देत होती. मी नाही, माझे लोक. माझी वस्ती. माझ्या आईने घरात कुणाचंही नाव बदललं नव्हतं. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, पण आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारायचा. पारू. शेवटच्या दिवशीसुद्धा पारूच. आणि मी त्या माणसांच्या माथी मारायला निघालो होतो ते, जे मी दुसऱ्यांच्या मांडवातून चोरून आणलं होतं. आधी त्यांचं आडनाव टाकलं. आता माझं पाप त्यांच्या नावावर लिहायचं. बाईला ते पटलंच असतं. आमच्याबद्दल असलं काही ऐकलं की ते खरंच असणार, असं तिला आधीपासून वाटत होतं.

तिचा प्रश्न खरा होता. मला तो कधीच कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तिने स्वतःच लिहून आणलं होतं.

मी 'आमच्या समाजात' या शब्दांवर रेघ मारली. वर लिहिलं, मी. पुढचं सगळं खोडलं. लिहिलं की बायकोला न विचारता तिचं नाव मी बदललं. ही माझ्या लोकांची प्रथा नाही. आधीच्या कागदावर मी खोटं लिहिलं. सही केली.

बाईने वाचलं. ओलावा गेला.

"हा फॉर्म असा भरता येत नाही."

"आमच्यात असं नसतं, मॅडम," मी म्हणालो. "मी केलंय. माझ्या नावावर लिहा."

"मग शपथेवर खोटं लिहिल्याची नोंद होईल. फाईल पुन्हा तपासणीला जाईल. या तुकडीत तुम्ही नसाल. पुढच्या तुकडीचं मी काही सांगू शकत नाही."

मी बायकोकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला काही विचारायच्या बेतात होतो. तिने वाट बघितली नाही. टेबलावरचा डिप्लोमा उचलला, पर्समध्ये ठेवला. पासपोर्टची झेरॉक्स तिथेच राहू दिली. बाईला नीट, शिकलेल्या जर्मनमध्ये एक वाक्य म्हणाली आणि उठली. मला कळलं नाही. जिन्यात विचारलं तर म्हणाली, "माझं नाव भागीरथी आहे. धडा पहिला."

खाली फ्रान्सिस सिगरेट पेटवत म्हणाला, वेडे लोक तुम्ही. मग म्हणाला, पासपोर्ट बदलून आणा, मी फाईल टाकून नाही देत. इन्शाल्ला बघू.

गाडीत, मुऐदर भागातल्या सिग्नलला ती म्हणाली, "एकोणीस वर्सं लागली तुमाला." मी माफी मागायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. "नका. ते पण तुमीच बोलणार, मी ऐकणार."

तेव्हापासून मी मागितलेली नाही. तिने दिलेलीही नाही.

संध्याकाळी पासपोर्टच्या नावबदलाचा फॉर्म काढला. लेक समोर बसली होती. तिच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर आईचं नाव मृणाल. ते सगळं बदलावं लागणार. जाहिराती, गॅझेट, दूतावासाच्या खेपा. उन्हाळ्याच्या आत होणार नाही, हे माझ्यासारख्या कागदाच्या माणसाला चांगलं कळत होतं. कदाचित परभणीचंच तिकीट काढावं लागेल. लेकीला सगळं सांगितलं. ताट, तांदूळ, साहेबांची मुलगी, सगळं. ती मला ओरडेल असं वाटलं. तिने फक्त विचारलं,

"सो व्हॉट्स अवर रिअल सरनेम, बाबा?"

मी सांगितलं. सतरा वर्षांत दोह्यात ते पहिल्यांदा तोंडातून निघालं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

मी दोन फॉर्म छापले. एक माझा, तो मी भरला. त्या आडनावाने. मंडळात, ऑफिसात, जिथे जिथे ते वाचलं जाईल तिथे ज्याला जे समजायचं ते समजू दे. आता कुणी तुमच्यात म्हणून विचारलं तर आमच्यात म्हणून सांगणार. जे आहे ते सगळं. आणि जे मी केलं ते आमच्यातलं म्हणून नाही, माझं म्हणून.

दुसरा फॉर्म कोरा तिच्यासमोर ठेवला. पेन ठेवलं. उठून बाजूला झालो.

जर्मनी भागीरथीला घेईल, किंवा घेणार नाही. मृणाल म्हणून ती आता कुठेही जाणार नाही.